अक्काचा बिनपंख्याचा कॉम्प्युटर

राजकन्या अक्का माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती आमच्या उमरीच्या घरी राहायला आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही आता आपल्याकडंच ऱ्हाणार हाय. तिला काही विचारायचं न्हाई." मी विचारलं नाही. पुढं मोठा झालो, लातूरला एका कॉलेजात कारकून म्हणून लागलो, लग्न झालं, मुलगी झाली, तरी विचारलं नाही.

अक्काचं गाव किल्लारीच्या बाजूचं, तेरणेच्या काठावर. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक दमून झोपले होते आणि पहाटेच्या भूकंपात ते गाव खाली बसलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची हातभर माती. अक्काचे आईवडील, आजोबा गुरुपादप्पा आणि चार वर्षांचा भाऊ भारत, सगळे त्याखाली गेले. तिला जवानांनी दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. माझी आई तारामती तिची सख्खी मावशी. तीच तिथल्या तंबूतल्या दवाखान्यातून तिला घेऊन आली. आई सांगायची, पोरीला कितीदा न्हाऊ घातलं तरी केसांतून पांढरी माती निघतच होती.

आमच्या घरात अक्का कधी झोपली नाही. पाऊस असो, थंडी असो, खाट अंगणातच. शेवटी वडिलांनी अंगणात तिच्यासाठी पत्र्याची खोली घातली. भिंतीही पत्र्याच्या. "पत्रा पडला तर लागतं, मरत न्हाई माणूस," असं ती एकदा सहज बोलून गेली होती. उन्हाळ्यात त्या खोलीत पाय टाकवत नसे. ती दिवसभर तिथं बसायची.

आणि पुसायची. हातात कायम ओलं फडकं. खाट, खिडकीचे गज, भांडी, दाराची कडी, अंगणातल्या जास्वंदीची पानंसुद्धा. आमच्या घरामागं जिनिंग आहे, कापसाच्या दिवसांत रुई उडते आणि घरात सगळीकडं बसते. पुढचा रस्ता कधी खोदलेला, कधी नुसताच मुरूम टाकून सोडलेला. म्हणजे पुसायला कधीच कमी पडलं नाही. आलेल्या बायकांना आई सांगायची, "तिला लई स्वच्छता लागती." बायका मान हलवायच्या.

तिचं लग्नही लावून दिलं होतं, देगलूरला. माणूस वाईट नव्हता. पण घर स्लॅबचं, आणि नवी नवरी अंगणात खाट टाकून झोपते हे त्याच्या आईला किती दिवस सहन होणार? वर्ष व्हायच्या आत तो स्वतः तिला घेऊन आला, चहा प्यायला, आईच्या पाया पडला आणि निघून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, तिची काई चूक न्हाई, पर माझं घरच तसलं हाय." अक्का आत जाऊन त्याची कपबशी विसळून आली.

नांदेडला एका डॉक्टरांकडंही नेलं होतं. त्यांनी गोळ्या दिल्या. पंधरवड्यातच तिनं त्या बंद केल्या. आईनं कारण विचारलं तर म्हणाली, "गोळी खाल्ली की झोप लागती, आन् मंग तिथून उठता येत न्हाई." तिथून म्हणजे कुठून, हे आईला कळलं. तिनं पुन्हा आग्रह केला नाही.

अक्काला एक गोष्ट मात्र चांगली यायची, ती म्हणजे टायपिंग. परीक्षा दिल्या होत्या, मराठीचा हात फार स्वच्छ. मी लातूरला आल्यावर एका क्लासच्या सरांशी ओळख झाली. त्यांना दर आठवड्याला प्रश्नपत्रिका टाइप करून लागायच्या. सर हातानं लिहिलेले कागद मोबाइलवर पाठवायचे, अक्का उमरीत बसून टाइप करायची. जीवशास्त्राचा पेपर तिला आवडायचा. हृदयाचे कप्पे, फुप्फुसाच्या नळ्या, सगळ्या आकृत्या ती नीट बसवायची. सर म्हणायचे, यांच्या पेपरात चूक सापडत नाही. पोटापुरतं मिळत होतं. त्याहून मोठी गोष्ट ही, की काम सुरू असलं की हातातलं फडकं तेवढा वेळ बाजूला राहायचं.

अडचण कॉम्प्युटरची होती. पहिला मोठ्या डब्याचा होता. त्याच्या मागच्या जाळीत धूळ दिसायची. अक्का रोज स्क्रू काढून झाकण उघडायची आणि आतलं सगळं ओल्या फडक्यानं पुसायची. एक दिवस बटण दाबलं तर उजेडच नाही. दुसरा आणला तेव्हा मी तिला बजावलं, की उघडायचा नाही. तिनं उघडला नाही. जिथं जिथं भोक होतं तिथं पार्सलची चिकटपट्टी लावली. तो उन्हाळ्यात आतल्या आत तापून गेला. मग लॅपटॉप घेतला. तो तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीवरूनच बटणं दाबत राहिली. गेल्या फेब्रुवारीत तोही गेला.

सरांचा मला फोन आला. "शिवशंकरराव, अक्कांचं काम चोख आहे हो, पण पोरांची परीक्षा थांबत नाही. मला दुसरं कुणी बघावं लागेल." त्याच संध्याकाळी आईचाही आला.

"शिवा, पोरगी नुस्ती पुसून ऱ्हायली. हाताची सालटं निघालीत. बोलत न्हाई, जेवत न्हाई. काहीतरी आण बाबा तिला."

नांदेडला भुजंग म्हणून एक दुरुस्तीवाला आहे, आधीचे तिन्ही त्यानंच पाहिले होते. लॅपटॉप उघडून तो हसला. "भाऊ, महिन्याला माझ्याकडं आणत जा. ब्लोअर मारून देतो. दुसरा इलाज न्हाई."

"आणणार कोण? आणि मुळात उघडायची गरजच पडायला नको. तिला उघडावासाच वाटू नये असा पाहिजे."

"असा कुठं असतो?" तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

असा असतो हे मला लातूरला एका डाळमिलमध्ये कळलं. वर्षाची तूरडाळ आणायला गेलो होतो. काट्याच्या खोलीत हरभऱ्याच्या सालीची धूळ बोटभर साठली होती. टेबलावर, कॅलेंडरवर, काट्यावरच्या माणसाच्या भुवयांवरसुद्धा. वजनाचे आकडे मात्र पडद्यावर बिनबोभाट उमटत होते. मी वाकून मागं पाहिलं. पडद्याच्या पाठीला जाड वहीएवढा एक काळा डबा, वर नुसत्या खाचा. आवाज काहीच नाही.

"ह्याचा पंखा बंद आहे का?" मी विचारलं.

"पंखाच न्हाई त्याला," काट्यावरचा माणूस म्हणाला. "पंखा असला की हवा वढतो, हवेबरोबर भुस्सा. इथं पंख्यावाले लई मेले."

"आणि साफ कधी करता?"

"साफ कशाला? बसवल्यापून कुणी हात लावला न्हाई."

घरी येऊन मी उज्वलाला, माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना कॉम्प्युटर पाहिजे का डॉक्टर?" रागानं नाही म्हणाली. मी म्हणालो, "डॉक्टर झाले. हे करून बघू."

मग दोन आठवडे मी तेच करत होतो. लातूरच्या दुकानांत विचारलं, नांदेडला पुन्हा भुजंगकडं गेलो. या वेळी त्यानं खुर्ची दिली. असे डबे कारखान्यांसाठी येतात, मागवावे लागतील, म्हणाला. काहींना नुसता पंखा नसतो, पण बाजूला जाळी असतेच. तसला मला नको होता. एक होता तो चारी बाजूंनी बंद, ॲल्युमिनियमचा. आत फिरणारं काहीच नाही, साठवणसुद्धा चिपवर. तार लावायची तोंडं तेवढी उघडी, त्यांना रबराची बुचं. स्क्रू खालच्या रबरी पायांच्या आत लपलेले. भुजंगनं आधीच सांगितलं, वेग बेताचा आहे, सिनेमा-गेम चालणार नाहीत. मी म्हणालो, मराठी टायपिंग आणि आकृत्या चालल्या की झालं. सोबत रबरी कीबोर्ड घेतला, नळाखाली धरला तरी चालणारा.

"एकच ध्यानात ठिवा," भुजंग म्हणाला. "ह्याचं अंगच तापतं आन् अंगच निवतं. वरून कापड झाकलं की गेला. पुसा कितीबी, झाकू नका."

पुसा कितीबी. मला एवढंच ऐकायचं होतं.

मार्चमध्ये मी तो उमरीला घेऊन गेलो. आई पत्र्याच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसली. अक्कानं डबा दोन्ही हातांत घेतला, फिरवला, सगळ्या कडांवरून बोट नेलं.

"भोक कुठाय?"

"नाहीच. बघ की. धूळ आत जायला जागाच नाही. बाहेरून वाटेल तेवढं पूस."

तिनं पुन्हा बोट फिरवलं. "हवा बी जात न्हाई?"

"नाही."

"मंग गुदमरत न्हाई का हे?"

मला हसू आलं. आई हसली नाही. मी म्हणालो, "त्याला हवा लागत नाही, अक्का. मशीन आहे ते." मी तारा जोडल्या, उरलेल्या तोंडांना बुचं लावली, पडदा सुरू करून दाखवला. तिनं आपलं नाव टाइप केलं, खोडलं. बरं आहे म्हणाली.

सकाळी मी उठून अंगणात आलो तर अक्का खोलीत खाली बसलेली. डबा उलटा मांडीवर, सगळी बुचं काढून खिडकीत ठेवलेली. भाजीच्या सुरीच्या टोकानं ती खालचे रबरी पाय उचकटत होती. बोटातून रक्त येत होतं.

"अक्का! काय करून राहिलीस?"

"थोडं मोकळं करून ऱ्हायले."

मी डबा तिच्याकडून काढून घेतला आणि शेजारी बसलो. ओरडणार होतो, पण तिचा चेहरा बघून ओरडलो नाही. ती बोलायला लागली, माझ्याकडं न बघता, पेपरातला उतारा वाचून दाखवावा तशी.

"खाली आमाला एक भोक होतं, बुक्कीएवढं. त्याच्यातूनच उजेड यायचा, हवा यायची. भारत्या माझ्या मांडीवर होता. त्याला हालता येत न्हवतं. वरून कुणी चाललं की त्याच भोकातून माती पडायची. त्याच्या तोंडात जायची. मी बोटानं काढायची, फ्रॉकानं पुसायची. पुन्ना पडायची. पुन्ना पुसायची. वरून लोकं हाका मारायचे, हाय का कुणी खाली. मी ओ दिली की ते जवळ यायचे, आन् ते जवळ आले की माती लई पडायची."

मी विचारलं, "मग?"

"मंग त्याला पुसायचं काम ऱ्हायलं न्हाई."

खोलीत पत्रा तापायला लागला होता. आई दाराशी कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं हे सगळं आधी ऐकलं होतं की तीही पहिल्यांदाच ऐकत होती, तेही मला आजवर माहीत नाही.

"अक्का," मी म्हणालो, "ह्याच्या आत कुणी नाही. हे जिवंत नाही."

"मला कळतं ते, शिवा. मी येडी न्हाई." तिनं आपल्या सोललेल्या हातांकडं पाहिलं. "हाताला कळत न्हाई."

मी तिच्या बोटाला पट्टी बांधली. मग तिनंच खिडकीतली बुचं उचलली आणि एक एक करून तोंडांत बसवली. शेवटचं हातात ठेवलं. "एवढं एक उघडं ऱ्हाऊ दे."

मी भुजंगला फोन लावला. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. पंखाच न्हाई तर वढणार कोण? काई होत न्हाई." मी ते तिला सांगितलं. त्या दिवशी दुपारी तिनं सरांचा पेपर घेतला आणि संध्याकाळी पाठवून दिला.

तो डबा चांगला निघाला, हे मला सांगितलंच पाहिजे. उमरीचा उन्हाळा त्यानं पत्र्याखाली काढला. समोर रस्त्याचं काम चालू झालं, सिमेंटची पूड उडून अंगण राखेसारखं झालं, तरी तो बंद पडला नाही. अक्का त्याला पुसायची, उघडायची नाही. सरांनी आणखी दोन विषय दिले. आई फोनवर म्हणायची, "हाताची सालटं भरून आलीत. परवा दुपारी घंटाभर झोपली." त्या काही महिन्यांत मला वाटलं होतं की आपल्याला काहीतरी जमलं.

दिवाळीनंतर आईला धाप लागायला लागली. नांदेडला भरती केलं तेव्हा न्युमोनिया दोन्हीकडं पसरला होता. ती तिथंच गेली. शेवटी शुद्धीत असताना तिनं मला एवढंच विचारलं, "राजी कुठाय?" अक्का दवाखान्याबाहेर, झाडाखाली उभी होती. चौथ्या मजल्यावर ती येणार नव्हती, आणि आईला खाली आणता येत नव्हतं.

आम्ही आईला उमरीला आणलं. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, बेल आणि मीठ घालतात आणि मग माती लोटतात. माझे बसवराज काका, वारलेल्या वडिलांचे थोरले भाऊ, सकाळपासून सगळं बघत होते. खड्डा खणायला माणसं गेली तेव्हा अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मावशीला मातीत घालू नका."

"मंग काय करायचं म्हणतीस?"

"जाळा."

"आपल्यात जाळतेत का कधी? पिढ्यान् पिढ्या कुणी जाळलं न्हाई." काका वाईट बोलत नव्हते. ते माझ्याकडं वळले. "शिवा, समजव बाबा तिला."

मी काय समजावणार? मी म्हणालो, "अक्का, आईला काही होत नाही आता." मला माझेच शब्द फुसके वाटले. पण मी काकांनाही थांबवलं नाही. पाहुणे जमले होते, जंगम स्वामी आले होते, आणि आईचीही तशीच इच्छा असणार असं मला वाटलं. आईला कुणी विचारलं नव्हतं.

अक्का मागं मागं चालत आली; बायका तिला आवरत बरोबर आल्या. खड्ड्यात आईला बसवलं, विभूती लावली, बेल वाहिला. मुलगा म्हणून पहिली मूठ माझी. मी माती टाकली. आईच्या चेहऱ्यावरच्या कापडावर ती पडली, आणि अक्का खड्ड्यात उतरली. कुणाला कळायच्या आत ती गुडघ्यावर बसून आईचं तोंड पदरानं पुसायला लागली. बोलत नव्हती, रडत नव्हती, नुसती पुसत होती. कापड सरकलं, विभूती पुसली गेली. दोघांनी तिला काखेत धरून वर काढलं. ती एवढी हलकी होती की धरणारे मागं कोलमडले. तिला चार बायकांनी घरी नेलं. स्वामींनी पुन्हा विभूती लावली, आणि आम्ही खड्डा भरला.

सगळे विधी होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी लातूरला निघालो त्या सकाळी बॅग घेऊन अंगणात आलो तर ती खोलीच्या दारात उभी होती. बसवराज काका खाटेवर चहा पीत होते.

"शिवा," ती म्हणाली, "माझं असं करायचं न्हाई. मला जाळायचं."

काकांनी कप खाली ठेवला. "काय बोलतीस हे? लोकं काय म्हणतील? आन् स्वामी येतील का तसल्याला?"

"स्वामी न्हाई आले तर न्हाई," अक्का माझ्याकडंच बघत म्हणाली. "तू हाव म्हण."

"हाव, अक्का," मी म्हणालो. "जाळीन."

काका उठून चपला घालून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं, आले नाहीत.

अक्का आता उमरीत एकटीच असते. शेजारची भामाबाई दोन्ही वेळ डोकावून जाते. मी लातूरला चल म्हणालो, तर तिनं विचारलं, "कितव्या मजल्यावर ऱ्हाता तुमी?" मी पुन्हा तो विषय काढला नाही. सरांचे पेपर वेळेवर जातात. हाताची सालटं पुन्हा निघाली आहेत, हे मला भामाबाईकडून कळलं; फोनवर अक्का फक्त कामाचं बोलते.

ती एक्केचाळीस वर्षांची आहे, मी अडतीस. कुणाचा नंबर आधी लागेल सांगता येत नाही. म्हणून मी उज्वलाला सांगून ठेवलं आहे, आणि मुलगी अजून लहान आहे तरी तिलाही सांगितलं आहे, की मी नसलो तर अक्काआत्याला जाळायचं, कुणी काही म्हणालं तरी. मुलीनं का म्हणून विचारलं. मी तिला सगळं सांगितलं.